खुनी कोण? – जर्मनीच्या एका जुन्या कोड्याची गोष्ट

रविवारी संध्याकाळी सव्वाआठ वाजता जर्मन माणसाला फोन करू नये, हे इथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला कोणी ना कोणी सांगतेच. त्या वेळी ‘टाटओर्ट’ लागलेली असते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सुरू झालेली ही पोलिसी मालिका आजही चालू आहे. पहिल्या अर्ध्या तासातच घरातला प्रत्येक जण आपापला खुनी ठरवून मोकळा होतो, आणि सोमवारी कचेरीत कॉफी पिताना कोणाचा अंदाज बरोबर ठरला याचा हिशेब होतो. हे वेड आले कुठून, याचा शोध घेत मी मागे मागे गेलो आणि १९६२ सालच्या जानेवारी महिन्यात येऊन थांबलो.

त्या महिन्यात पश्चिम जर्मन दूरदर्शनवर ‘डास हाल्सटूख’, म्हणजे ‘स्कार्फ’ नावाची सहा भागांची मालिका दाखवली गेली. मूळ कथा फ्रान्सिस डरब्रिज या इंग्रज लेखकाची. इंग्लंडमध्ये बीबीसीने ती आधीच, १९५९ साली, दाखवली होती. जर्मन रूप तयार केले कोलोनच्या डब्ल्यूडीआर केंद्राने, आणि दिग्दर्शक होते हान्स क्वेस्ट. इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात एका तरुणीचा स्कार्फने गळा आवळून खून होतो. संशयित अनेक. भाग संपतो तो नेमका अशा ठिकाणी की कालचा खुनी आज निर्दोष वाटावा.

झेडडीएफचे प्रक्षेपण १ एप्रिल १९६३ रोजी सुरू झाले, त्यामुळे तेव्हा प्रेक्षकांना निवडीला फारसा वाव नव्हता. सगळ्यांच्या घरी दूरदर्शन संचही नव्हते. ज्यांच्याकडे होते, त्यांच्या दिवाणखान्यात शेजारपाजारचे येऊन बसत. दर दहा संचांपैकी जवळजवळ नऊ संचांवर ही मालिका लागलेली असे. चित्रपटगृहे आणि नाट्यगृहे ओस पडली. अशा कार्यक्रमासाठी जर्मन भाषेत ‘श्ट्रासनफेगर’ असा शब्दच आहे: रस्ता झाडून काढणारा!

आपल्याला यात नवल वाटायला नको. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी रामायण लागले की आपल्याकडचे रस्ते असेच ओस पडत. फरक एवढाच की रामायणाचा शेवट सर्वांना तोंडपाठ होता. रावण मरणार हे कोणी आदल्या दिवशी पेपरात छापले असते, तर लोक हसले असते. जर्मनीत मात्र नेमके हेच घडले आणि कोणीही हसले नाही.

वोल्फगांग नॉइस हा बर्लिनचा विनोदी नट. गळ्यात ढोल अडकवून रंगमंचावर येणारा आणि सरकारपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घेणारा. त्याचा ‘गेनोसं म्युन्शहाउझन’ हा चित्रपट तेव्हा नुकताच आला होता, आणि प्रेक्षक तर घरी बसलेले! शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी, १६ जानेवारी १९६२ रोजी, त्याने बर्लिनच्या ‘डेर आबेंड’ या सायंदैनिकात एक जाहिरात दिली. मतलब असा: उद्या बुधवारी घरी बसू नका, सिनेमाला जा, स्कार्फवाला खुनी डीटर बोर्शे आहे.

आणि दुसऱ्या दिवशी खुनी खरोखरच बोर्शे निघाला.

देशभर संतापाची लाट उसळली. ‘बिल्ड’ या वृत्तपत्राने नॉइसला ‘देशद्रोही’ ठरवले. आपण फक्त अंदाज केला होता, असे नॉइसने नंतर सांगितले. ते खरे मानले तर मोठीच गंमत आहे. लाखो लोक दोन आठवडे जे करत होते, तेच त्यानेही केले होते. कोणाच्या तिजोरीतून गुपित चोरले नव्हते. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने आपला अंदाज अंदाज म्हणून न सांगता उत्तर म्हणून छापला.

लोकांचे नुकसान काय झाले, असा प्रश्न मला पडला. खुन्याचे नाव तर एका दिवसाने कळणारच होते. मला वाटते, गेला तो खेळ. दोन आठवडे दुकानात, ट्रॅममध्ये, जेवणाच्या टेबलावर सगळे जण एकच प्रश्न विचारत होते आणि त्या प्रश्नापुरते साहेब आणि कामगार, सासू आणि सून एका पातळीवर आले होते. शेवटच्या रात्रीच्या आधीच कोणीतरी पट उधळून दिला. तीस वर्षांनी हेच पुन्हा घडले. १९९१ साली ‘ट्विन पीक्स’ ही अमेरिकन मालिका आरटीएल प्लस वाहिनीवर लागली असताना, झाट आइन्स या प्रतिस्पर्धी वाहिनीने आपल्या व्हिडिओटेक्स्टवर खुन्याचे नाव जाहीर करून टाकले. पण त्या वेळी कोणी कोणाला देशद्रोही म्हटले नाही. मग १९६२ मध्येच एवढा जड शब्द का वापरावासा वाटला?

इथे मला सालाकडे पुन्हा पाहावे लागले. युद्ध संपून सतरा वर्षेही झाली नव्हती. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली होती. डिसेंबर १९६१ मध्ये जेरुसलेमला आइखमानला फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. फ्रांकफुर्टचा आउश्वित्स खटला सुरू व्हायला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. अशा वेळी अख्खा देश संध्याकाळी एकत्र बसून विचारत होता, ‘आपल्यातला खुनी कोण?’ पण ते गाव इंग्लंडमधले होते आणि मेलेली बाई काल्पनिक होती. आपल्या जिन्यावर रोज भेटणारा माणूस १९४२ साली कुठे होता, हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारत होते. प्रेक्षकांनी मालिका पाहिली यात त्यांचा दोष आहे, असे मला म्हणायचे नाही. थकलेल्या माणसाला उत्तर असलेले कोडे हवेच असते.

हे थोडे लोक कोण, तर नॉइस त्यांच्यापैकीच एक. जुने नाझी नव्या समाजात कसे आरामात सामावून गेले, यावर त्याने १९६० साली ‘वीर केलरकिंडर’ हा बोचरा चित्रपट काढला होता. युद्धात आघाडीवरून सुटका व्हावी म्हणून त्याने स्वतःच्याच हाताचे बोट गोळीने उडवले होते. ज्याला देशद्रोही म्हटले, तो माणूस हा.

‘डास हाल्सटूख’मध्ये आणखी एक नट होता, होर्स्ट टापर्ट. पुढे १९७४ ते १९९८ या काळात ‘डेरिक’च्या २८१ भागांत त्याने म्युनिकच्या सभ्य, शांत इन्स्पेक्टरची भूमिका केली आणि तो जगभर पोहोचला. २००८ साली तो वारला. २०१३ साली जुन्या कागदपत्रांतून उघड झाले की युद्धात तो वाफेन-एसएसच्या ‘टोटेनकोप्फ’ विभागात होता. तो तिथे कसा गेला, स्वखुशीने की दबावाने, हे त्या कागदांवरून स्पष्ट झाले नाही. हयातीत त्याने हे कधी जाहीरपणे सांगितले नव्हते. झेडडीएफने ‘डेरिक’चे पुनःप्रक्षेपण थांबवले. १९६२ च्या त्या रात्री लाखो डोळे पडद्यावरच्या प्रत्येक चेहऱ्यावर खिळले होते, प्रत्येकावर संशय घेत होते. खरे गुपित पडद्यावरच होते. पण ते उकलायला एकावन्न वर्षे लागली.

१ डिसेंबर २०१७ रोजी ‘डार्क’ ही जर्मन मालिका नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा मला या साऱ्याची आठवण झाली. आता गाव इंग्लंडमधले नाही, जर्मन आहे: विंडेन. काल्पनिकच, पण अणुवीज केंद्र, जंगल आणि चार कुटुंबे असलेले. मुले नाहीशी होतात आणि उत्तर शोधताना पात्रांना २०१९ मधून १९८६ मध्ये आणि तिथून १९५३ मध्ये जावे लागते. ती पाहताना प्रेक्षकांनी वह्यांमध्ये वंशावळी काढल्या, कोण कोणाचा बाप आणि कोण कोणाची आजी यावर वाद घातले. अंदाज बांधण्याचा खेळ तोच, प्रश्न तेवढा बदलला. ‘खुनी कोण?’ याच्या जागी ‘आपल्या आधीच्या पिढ्यांनी काय लपवले?’ हा प्रश्न आला.

म्हणून रविवारी संध्याकाळी जर्मन शेजाऱ्याकडे ‘टाटओर्ट’ पाहायला बोलावणे आले, तर अवश्य जा. खुनी कोण याचा आपला अंदाज बिनधास्त सांगा, चुकला तरी चालेल. मालिका संपल्यावर लगेच उठू नका. यजमान वयस्क असतील, तर १९६२ च्या जानेवारीत ते कुठे होते, एवढेच विचारून पाहा. स्कार्फची गोष्ट ते हसत हसत सांगतील. कधी कधी त्याच्याही आधीची, वडिलांची गोष्ट निघते. तिथे मात्र अंदाज न करता नुसते ऐकावे.