वसईचा हुतात्मा, नागासाकीची टेकडी आणि आम्ही

मराठी मुलुखातून परदेशी यात्रेस निघणारा कॅथलिक भाविक बहुधा रोम, लूर्द, फातिमा किंवा जेरुसलेमची वाट धरतो. पूर्वेकडे तोंड करून निघणारे थोडेच. वास्तविक भारतभूमीत जन्मलेला पहिला संत पूर्वेकडेच, जपानातील नागासाकी येथे क्रूसावर मरण पावला. बीड जिल्ह्यातील आम्हा काही कुटुंबांनी त्या दिशेचा संकल्प केला, तेव्हा नातलगांनी विचारले, ‘तिथे मरियामाता कधी प्रकटली?’ प्रश्न रास्त होता. तिथे दर्शनाची गुहा नाही की रोगनिवारक झरा नाही. एक टेकडी आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. पिता पोर्तुगीज, माता इथली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांजवळ शिकून पंधरा-सोळाव्या वर्षी ते जपानला गेले व आठेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू म्हणून व्रत घेतले आणि १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या मंडळाचे दुभाषे होऊन ते पुन्हा जपानला पोहोचले. हिदेयोशीच्या दरबारात त्या मंडळाच्या वतीने बोलणारा आवाज वसईच्या या माणसाचा होता.

पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. क्योतो येथे चोवीस कैद्यांचे कान छाटून धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात सुमारे ८०० किलोमीटरची वाट चालवीत त्यांना नागासाकीस नेण्यात आले. वाटेत आणखी दोघे त्यांना मिळाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाकाच्या टेकडीवर या सव्वीस जणांना क्रूसांवर चढवून भाल्यांनी भोसकले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. लुईस इबाराकी हा बालक अवघा बारा वर्षांचा. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले, आणि त्याच्या शताब्दीला, १९६२ मध्ये, टेकडीवर आजचे कांस्यशिल्प उभे राहिले. सव्वीस आकृती एका रांगेत आहेत. सर्वांची पावले खाली लोंबती, जमिनीचा आधार सुटलेली. आमच्या मेळ्यातील एका आजींनी उभी हयात उसाच्या फडात घालवली होती. त्या शिल्पाकडे न पाहता विचारीत राहिल्या, ‘थंडीचं एवढं चालवलं? पायांत काय होतं त्यांच्या?’ इतक्या पुस्तकांतून हा प्रवास वाचलेल्या आम्हाला तो प्रश्न कधी सुचला नव्हता.

तथापि आमचे मन खरे गुंतले ते हुतात्म्यांच्या नंतरच्या काळात. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, धर्मगुरू उरले नाहीत. नागासाकीत वर्षाकाठी प्रत्येकाला ख्रिस्ताच्या वा मरियेच्या प्रतिमेवर पाय देऊन आपण ख्रिस्ती नसल्याचे सिद्ध करावे लागे. त्या प्रतिमेला ‘फुमी-ए’ म्हणत. लोक पाय देत, आणि घरी येऊन ‘कोंचिरिसान’, म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना, म्हणत. गावातील एक जण बालकांना स्नानसंस्कार देई, दुसरा सणांचे पंचांग सांभाळी. मरियामातेची मूर्ती कन्नोनच्या रूपात पूजिली जाई. कन्नोन म्हणजे आपल्या औरंगाबाद लेण्यांत दिसणारा अवलोकितेश्वर. त्याने जपानात स्त्रीरूप घेतले आणि तिथल्या ख्रिस्ती घरांत तो मरिया झाला. असे अडीचशे वर्षे चालले. मग १७ मार्च १८६५ रोजी ओउरा येथील नव्या मंदिरात उराकामीचे काही ग्रामस्थ आले. त्यांच्यातील एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांच्या कानी सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

ही कथा ऐकून आमच्यात वाद झाला. मेळ्यातील एक निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘साक्ष दिली ती सव्विसांनी. पाय देणाऱ्यांचा कसला गौरव?’ आमच्यातील दुसरे म्हणाले, ‘सगळेच टेकडीवर गेले असते तर १८६५ साली मंदिरात कोण आले असते?’

वाद जपानचा नव्हता, हे सर्वांना ठाऊक होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्राने २०२२ मध्ये आयोग नेमला. दरम्यान मराठवाड्यातील कित्येक घरांत मुलाचे स्नानसंस्काराचे नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे, हे चालत आले. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले कुटुंब नाताळ कारखान्याच्या तळावरील कोपीत करते. धर्मगुरू पोहोचले तर मिस्सा, नाही तर जपमाळ. आमच्यावर कोणी भाला उगारलेला नाही, म्हणून नागासाकीची तुलना ताणू नये असे आम्हास वाटते. परंतु दाखल्याच्या रकान्यावरून धर्म लपवणाऱ्या बापाला भित्रा म्हणण्यापूर्वी, ज्या व्यवस्थेने तो रकाना आखला तिला आधी काही विचारायला हवे, असेही वाटते.

शिक्षकांना हे पटले नाही. ओउराच्या मंदिरातून उतरताना ते गप्प होते. आजी मात्र मध्येच थांबल्या आणि त्यांना म्हणाल्या, ‘मास्तर, जूनमध्ये नातीला शाळेत घालायचीय. फॉर्मवर धर्म काय लिहायचा, तेवढं तुम्ही सांगा.’ मास्तरांनी चष्मा पुसला, आणि फॉर्म आपल्याकडे घेऊन या, एवढेच म्हणाले.