मनोविकार संशोधन : तरुण रुग्णाचा होकार महत्त्वाचा

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी जिल्ह्याला पंचवीस वर्षे वाट पाहावी लागली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन झाले, त्यात हिंगोलीचा समावेश होता. वैद्यकीय महाविद्यालय आले, की अध्यापनापाठोपाठ संशोधनही येते. त्यामुळे सेनगाव, कळमनुरी, वसमत किंवा औंढा नागनाथ येथून मानसिक आजाराच्या उपचारासाठी येणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला 'या अभ्यासात भाग घ्याल का?' अशी विचारणा होऊ शकते. हे उत्तर कोणी आणि कसे द्यायचे, याचे नियम ठरलेले आहेत.

संशोधन कशासाठी?

बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यात महाराष्ट्र नव्हता. १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के असल्याचे या सर्वेक्षणात आढळले; पण त्यात मराठवाड्यातील एकाही मुलाची नोंद नाही. शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबविण्यात आला. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तेथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावकऱ्यांनी प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणूनच हा बदल मोजता आला.

दिल्लीतील सरकारी शाळांमध्ये २०१८ मध्ये २५१ विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात एका गटाला समुपदेशकाची मदत मिळाली, तर दुसऱ्याला केवळ पुस्तिका. समुपदेशन मिळालेल्या मुलांना स्वतःच्या अडचणी सहा आठवड्यांनंतर अधिक हलक्या वाटल्या. लक्षणांच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. कोणता उपाय कितपत उपयोगी, हे अशा सहभागाशिवाय कळत नाही.

उपचार वेगळा, संशोधन वेगळे

उपचारात डॉक्टर एका रुग्णाचे हित पाहतात. संशोधनाचा उद्देश पुढील अनेक रुग्णांसाठी ज्ञान मिळविणे हा असतो. कोणाला कोणत्या गटात घ्यायचे, हे पुष्कळदा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते. त्यामुळे सहभागी रुग्णाला थेट लाभ होईलच, असे नाही. उपचार करणारे डॉक्टरच संशोधक असतील, तर त्यांना नकार देणे रुग्णाला अवघड जाते. म्हणूनच नकार दिल्यास नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, हे आधीच स्पष्ट करणे आवश्यक असते.

संमती कोणाची?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील रुग्णासाठी पालकांची लेखी संमती लागते. मात्र केवळ तेवढी पुरेशी नाही. सात ते बारा वयोगटातील मुलांचा तोंडी, तर बारा ते अठरा वयोगटातील मुलांचा लेखी होकार घ्यावा लागतो. अभ्यास सुरू असताना मूल अठरा वर्षांचे झाल्यास त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते. माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी निःपक्ष साक्षीदार आवश्यक आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९९ नुसार मनोरुग्णाची मुक्त व माहितीपूर्ण संमती बंधनकारक आहे. संमती देण्याची क्षमता नसलेल्या, परंतु विरोध न करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत राज्य प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. दिलेली संमती कोणत्याही टप्प्यावर मागे घेता येते. नाव उघड होणार नसेल, तर संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवरून अभ्यास करण्यास हा कायदा आडकाठी करत नाही.

सही करण्यापूर्वी

अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आहे का? औषधाची चाचणी असल्यास ती 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री'मध्ये नोंदविली आहे का? किती वेळा यावे लागेल, प्रवासखर्च मिळेल का? उत्तरे कोण वाचणार, शाळेला किंवा गावात कळणार नाही ना? घातलेली औषधे बंद करावी लागतील का? त्रास झाल्यास जबाबदारी कोणाची? हे प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. औषध चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. संमतिपत्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि घरी विचार करण्यासाठी वेळ मागून घ्यावा.

लहान गावात मनोविकाराची वाच्यता झाली, तर शिक्षण आणि लग्न दोन्हींवर सावट येण्याची भीती कुटुंबाला असते. आई-वडिलांनी मान डोलावली आणि मूल गप्प राहिले, तर ते मौन होकार ठरत नाही. संशोधनात सहभागी न होणाऱ्यांनाही मदत उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.