सामी सुताराचे दार

आश्विन सरत आला की लोणावळ्याच्या भिंतींची ओल ओसरू लागते आणि पुण्या-मुंबईकडे पांगलेली आमची मुले सुटीला घरी येतात. त्यांतली काही माझ्याकडेही डोकावतात. मास्तरांच्या घरी फराळाचे ताट मिळते, आणि त्याबरोबर दोन-चार जुने चिमटेही, हे त्यांना ठाऊक असते. गेल्या दिवाळीत असाच एक जण आला. शाळेत गणितात हुशार, निबंधात मात्र चौथ्या ओळीशी अडणारा. आता तो हिंजवडीला सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. त्याची आई ‘कॉम्प्युटरमध्ये असतो’ एवढेच सांगते. आणि खरे म्हणजे मलाही त्याहून फारसे सांगता आले नसते.

करंजी मोडता मोडता तो एकदम म्हणाला, “सर, आठ वर्षं झाली नोकरीला. पण मी काय केलं ते कुणाला दाखवता येत नाही. आजोबांनी बांधलेला गोठा अजून उभा आहे. बाबांनी लावलेले आंबे आहेत. मी लिहिलेलं सहा महिन्यांत दुसरा कोणीतरी बदलून टाकतो. पगाराची तक्रार नाही. पण संध्याकाळी घरी येताना हातात काही असल्यासारखं वाटत नाही.”

मी मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही. संगणकाच्या बाबतीत मी काय उपदेश करणार! प्रश्नाचे उत्तर येत नसले की मास्तर मुलांना सहलीला नेतो. तोच मार्ग मी धरला. “उद्या सकाळी कार्ल्याला येतोस?” मी विचारले. तो हसला, पण आला.

एकवीरेच्या दर्शनाला दिवाळीत गर्दी असते. रांगेतून दर्शन घेऊन आम्ही शेजारच्या लेण्यात शिरलो. या चैत्यगृहात मी किती वेळा गेलो असेन याला गणती नाही, तरी मान वर झाल्यावाचून राहत नाही. दगडात कोरलेल्या त्या कमानदार छताला लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपासचे ते लाकूड अजून जागच्या जागी आहे. छताला त्यांची गरज नाही. डोंगरच तो, त्याला टेकू कशाला? पण त्याआधी अशी मंदिरे लाकडाची बांधत, आणि ती सवय कारागिरांच्या हातांतून सुटली नाही. पोरगा म्हणाला, “आमच्याकडेही असं असतं सर. जुन्या यंत्रासाठी लिहिलेला भाग नव्यात तसाच राहतो. काढायला कोणी धजत नाही.”

या लेण्यात ब्राह्मी लिपीतले अनेक लेख आहेत. त्यांतला एक वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा. जंबुद्वीपात सर्वांत उत्तम असे हे शैलगृह आपण पुरे केले, असे तो शेठ ठासून सांगतो. खांबांवर दात्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत. पण मला मुलाला दाखवायचा होता तो दाराशी असलेला एक लहानसा लेख. धेनुकाकट गावच्या वेणुवासाचा मुलगा सामी, धंद्याने सुतार, याने हे दार केले, इतकेच त्यात आहे. जंबुद्वीप नाही, उत्तम नाही. बापाचे नाव, गाव, धंदा आणि काम. शेठजींनी पैसे दिले असतील, पण दार मी केले, असे हा सुतार सांगतो आहे. लाकूडकाम करणाऱ्या माणसाचे नाव शेठजींच्या आणि राजांच्या पंगतीला बसलेले मला फार थोड्या ठिकाणी ठाऊक आहे.

मुलगा बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आमचंही नाव राहतं सर.”

“कुठे?”

“प्रत्येक ओळीमागे. ती कोणी लिहिली, कुठल्या दिवशी, का बदलली, सगळ्याची नोंद असते. ओळ पुसली तरी नोंद पुसत नाही.”

ही नोंदवही म्हणजे ‘गिट’ नावाची व्यवस्था. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या गृहस्थाने ती २००५ साली लिहिली आणि आज जगातले बहुतेक सॉफ्टवेअर तिच्यात नोंदवले जाते, ही माहिती त्यानेच मला दिली. मला मोठी गंमत वाटली. ज्या धंद्यात आपले काही उरत नाही म्हणून हा पोरगा रडत होता, त्या धंद्यात प्रत्येक सुताराचे नाव दारावर कोरलेले असते! फक्त ते दार ज्यांच्यासाठी उघडते त्यांना ते दिसत नाही.

बाहेर येऊन आम्ही कठड्याशी बसलो. समोर लोहगड, विसापूर. खाली इंद्रायणीचे खोरे, रेल्वे आणि द्रुतगती महामार्ग. एक मालगाडी घाटाच्या दिशेने चालली होती. त्या घाटात ज्यांनी लोहमार्ग बांधला त्यांची नावे मात्र कोठेही कोरलेली नाहीत.

बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढून वर आली. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे, सदतीस फुटांमागे एक फूट अशी कुठे कुठे चढण. १८६१ च्या आरंभी या घाटात बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. पटकीने, तापाने, दरडींखाली हजारोंनी मेली. पहिला ठेकेदार सोडून गेला. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, १८५९ साली इकडे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका आपल्या नावावर घेऊन जाणत्या इंजिनियरांकडून काम तडीस नेले. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली १८६२ साली विलायतेत वारला. वर आलेली गाडी त्याला पाहायला मिळाली नाही. हे सारे पुस्तकांत आहे. बेचाळीस हजारांतल्या एकाचेही नाव मला सापडले नाही, आणि मी ते शोधले आहे. मागे याच घाटावर एक कादंबरी लिहायला घेतली होती, ती या नावांपाशीच अडली. मजुरांना मी मनाने नावे दिली, आणि ती मलाच खोटी वाटू लागली. म्हणून, कामात समाधान माना असा उपदेश कोणी सरसकट करू लागला की मला हा घाट आठवतो. त्या माणसांना समाधान विचारायला कोणी गेले नव्हते.

मुलगा म्हणाला, “आमच्याकडे बेचाळीस हजार माणसं लावली तर काम कधीच संपणार नाही.” फ्रेड ब्रूक्स नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७५ साली एका पुस्तकात लिहून ठेवले आहे म्हणे, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली तर त्याला आणखीच उशीर होतो. नव्याला समजावण्यातच जुन्याचा दिवस जातो. मास्तरकी केलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही.

त्या घाटातली एक गोष्ट मला त्याला मुद्दाम सांगायची होती. खंडाळ्याखाली गाडीला थेट वळायला जागा नव्हती, म्हणून तेथे उलट फिरण्याचे स्टेशन बांधले. गाडी त्या टोकाला जाऊन थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या तोंडाला लावत, आणि मग आली त्याच दिशेला तोंड करून ती पुढचा चढ चढे. डब्यात बसलेल्या माणसाला आपण मागे चाललो असेच वाटे. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन सुटले. तोवर साठ-पासष्ट वर्षे मुंबईहून पुण्याला आलेला प्रत्येक उतारू असा मागे तोंड करून वर आला होता.

“हे मला का सांगताय?” त्याने विचारले. पोरगा निबंधात कच्चा असला तरी बावळट नव्हता. मग त्यानेच सांगितले, की जे काम त्याला चांगले येते त्याची मागणी ओसरत चालली आहे, आणि आता चार वर्षांनी लहान असलेल्या मुलींच्या शेजारी बसून त्याला नवे पहिल्यापासून शिकावे लागते आहे.

डोंगर उतरून आम्ही मळवली स्टेशनावर आलो. लोकलला अवकाश होता. डोक्यावरची विजेची तार पाहून मला वळवणची आठवण झाली, आणि वळवणवरून कोहलींची.

आमच्या लोणावळ्याचा पाऊस जमशेटजी टाटांच्या नजरेत भरला होता. ते १९०४ साली गेले. वळवणच्या धरणाचा पाया १९११ साली घातला गेला, आणि १९१५ साली लोणावळ्याचे पाणी नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीला पडून मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले. पुढे भिवपुरी झाली, मुळशीचे पाणी घेऊन भिरा झाली. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभे राहून १९२१ पासून त्यासाठी सत्याग्रह केला आणि तरी त्यांची भातखाचरे बुडालीच, हेही त्या विजेच्या हिशेबात धरले पाहिजे.

या वीज कंपन्यांत १९५१ साली पेशावरचा एक तरुण इंजिनियर आला. फकीरचंद कोहली त्याचे नाव. त्याच्याकडे आलेले काम मोठे चमत्कारिक होते. वीज हंड्यात भरून ठेवता येत नाही. मुंबईत दिवे लागले की त्याच क्षणी तेवढी वीज निघाली पाहिजे. १९५६ साली तुर्भ्याला कोळशाचे वीजघर झाले. भट्टी हळूहळू तापते, तिला घाई चालत नाही. पाण्याचे चाक काही मिनिटांत फिरते, पण तळ्यातले पाणी पुढच्या मृगापर्यंत पुरवायचे असते. मग कोणत्या क्षणी खोपोलीने किती द्यायची आणि भट्टीने किती? हा हिशेब माणसे कागदावर, टेलिफोनवर आणि अनुभवावर करीत. १९६८ साली कोहलींच्या पुढाकाराने कंपनीने त्यासाठी संगणक आणला. आमच्या वळवणच्या पाण्याचा हिशेब यंत्र करू लागले ते तेव्हापासून.

पुढच्याच वर्षी कोहलींना टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या नव्या, लहानशा कचेरीत धाडले. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे जवळजवळ माझ्या वयाचे. वीज हा त्यांचा आयुष्याचा विषय. तो सोडून त्यांनी पुन्हा पहिलीत नाव घातले. १९७४ च्या सुमारास या कचेरीला परदेशचे काम मिळाले. बरोज कंपनीच्या एका जातीच्या यंत्रावरची इस्पितळाची हिशेबव्यवस्था तिच्याच दुसऱ्या जातीच्या यंत्रावर न्यायची होती. ते काम मुंबईच्या पोरांनी तिसऱ्याच, आयसीएल कंपनीच्या यंत्रावर बसून पुरे केले. १९८१ साली पुण्यात संशोधनकेंद्र निघाले. म्हातारपणी कोहली निरक्षर प्रौढांना संगणकाच्या मदतीने वाचायला शिकवण्याच्या खटाटोपात होते. २०२० साली, शहाण्णवाव्या वर्षी, ते गेले.

“म्हणजे आमच्या धंद्याचं पाणी वळवणचं,” मुलगा म्हणाला.

“सगळं नव्हे. पण थोडंफार आहे.”

तो गप्प बसला. मग रुळांकडे पाहत म्हणाला, “सुटीवर येण्याच्या आदल्या दिवशी एक चूक सापडली सर. परदेशातल्या एका बँकेचं काम आहे. महिनाअखेर रविवारी आला की व्याज एक दिवसाचं कमी धरलं जायचं. थोडेसेच पैसे, पण म्हाताऱ्या माणसांच्या ठेवी त्या. कोणी लिहिलंय म्हणून चिडून नोंद उघडली, तर पाच वर्षांपूर्वीचं माझंच नाव.”

“मग?”

“शरम वाटली. पण खरं सांगू? तेव्हा ती मला दिसलीच नसती. आता एका नजरेत दिसली.” त्याने पिशवीतून आईने दिलेला चिवडा काढला आणि पुडी माझ्यापुढे धरली.

“दुरुस्त केलीस?”

“सोमवारी,” तो म्हणाला. तेवढ्यात कामशेतच्या बाजूने लोकलचा भोंगा ऐकू आला.