भिंत आपली, कागद कुणाचा?



गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी गावठाणात जुनं घर विकत घेतलं. दोन खोल्या, पुढे पडवी, वर पत्रा. गटाची बैठक मुद्दाम तिथेच ठेवली. कुणी म्हणालं, आधी वास्तुशांत उरका. कुणी म्हणालं, पावसाच्या आत पत्र्याचे हूक आवळून घ्या. भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी एवढंच विचारलं, "नाव कुणाचं लागलंय?"

आम्ही गप्प झालो. आजींनी सासरचं घर चाळीस वर्षं सारवलं. मालक गेले आणि पुतण्यांनी त्यांचं बिऱ्हाड पडवीत काढलं. म्हणून आजच्या बोलण्यात आम्ही घराचा इतिहास घेतलाय. घर दोन गोष्टींवर उभं असतं, भिंतीवर आणि कागदावर. भिंत आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली. कागद मात्र आपल्या हातात फार उशिरा आला.

आधी भिंतीचं बोलू. आपल्याकडे शेतजमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. पांढरीतलं घर उभं करायला सुतार लागे, गवंडी लागे. पण ते वर्षानुवर्षं उभं ठेवायचं काम बाईचं. जमीन सारवायची, भिंतीची पोपडी भरायची, दिवाळीआधी पोतारायचं. कोकणात पावसाळ्याआधी शाकारणी. मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवदाची घरं. तिथे पाऊस यायच्या आत छतावर मातीचा नवा थर द्यायचा, म्हणजे गळत नाही.

या जपण्यातच एक धोका होता आणि तो कळायला फार मोठी किंमत मोजावी लागली. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, लातूर आणि उस्मानाबाद जिल्हे, किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं झोपेतच गेली. बहुतेक घरं दगडाची, भिंतीत चुना-सिमेंट नाही, नुसता चिखल. वर माळवद. दरवर्षी थरावर थर चढत छताची माती कुठे फूटभर, कुठे दोन फुटांपर्यंत गेलेली. घर गळू नये म्हणून जी माती घातली, तीच अंगावर आली. यात कुणाचा दोष नव्हता. वजनाचं गणित कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढची गोष्ट मात्र आपण अभिमानाने सांगावी अशी आहे. पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना साथ दिली. छतावरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपा आधार द्या, हे त्या शिकल्या आणि दारोदार जाऊन सांगू लागल्या. काल सारवणारी बाई आज गवंड्याला विचारू लागली, "हा दगड आरपार गेलाय का?"

तोच धडा आजच्या स्लॅबलाही लागू आहे. गच्ची गळते म्हणून जुना थर न काढता वर नवा थर ओतत राहू नका. आधी पाणी कुठे साचतं ते बघा. पन्हाळ मोकळी करा. भेग कुठून कुठे जाते ते पेन्सिलीने आखून ठेवा आणि वाढते का यावर लक्ष ठेवा. वाढत असेल तर जाणकाराला बोलवा.

आता कागदाचं. 1937 च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळाला, पण तिच्या हयातीपुरता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तिला पूर्ण मालकी दिली. पण त्यात कलम 23 ची एक मेख होती. कुटुंब राहतं त्या घराची वाटणी बाईला मागता येत नव्हती. घरातल्या पुरुष वारसांनी वाटणी करायचं ठरवलं, तरच तिचा हिस्सा वेगळा होणार. लेक असेल, तर ती अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असली तरच तिला राहायचा हक्क. हे कलम गेलं 9 सप्टेंबर 2005 ला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं कायद्याने घरात हिस्सा दिला आणि त्याची वाटणी मागायला मनाई केली. मुस्लिम भगिनींचा वाटा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने ठरतो. त्यातही लेकीला आणि विधवेला ठरलेला हिस्सा आहे.

आजींना नवऱ्याच्या हिश्शात हक्क होता. त्यांना तो कुणी सांगितला नाही.

दरम्यान बायका स्वस्थ बसल्या नव्हत्या. 1986 साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावे जमीन केली. 2003 साली राज्य शासनाने ठरवलं, ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराला नवरा-बायको दोघांची नावं लावायची. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, घर कुणाच्याही नावावर असो, नांदत्या घरात राहायचा हक्क बाईला दिला. आणि एप्रिल 2021 पासून घराची खरेदी फक्त बाईच्या नावे असेल, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

तर त्या बैठकीत आजींच्या प्रश्नावर ताईंनी पिशवीतून कागद काढला. नाव त्यांचंच होतं. स्टॅम्पपेपर होता, नोटरीचा शिक्का होता. पण निबंधकाकडची नोंदणी नव्हती. 1882 चा कायदा सांगतो, 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं घर विकायचं तर नोंदणी झालेलं खरेदीखतच हवं. त्या काळी 100 रुपये मोठी रक्कम. आकडा आजही तोच आहे. म्हणजे ताईंनी पैसे मोजले होते, किल्ली घेतली होती, आणि कायद्याने घर अजून त्यांचं झालेलं नव्हतं.

विकणारे गृहस्थ भले निघाले, पुन्हा सही करायला आले. मुद्रांकाच्या पैशाला गटाने कर्ज दिलं. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली. पण दर वेळी समोरचा माणूस भला निघेलच असं नाही, म्हणून हे लिहून घ्या. खरेदीखताची नोंदणी सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत करा. इंडेक्स टूची प्रत घ्या. ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नमुना 8 वर नाव लावा. पण नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा, तो एकटा मालकी सिद्ध करत नाही. गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवरही नाव चढवा. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने ही मोजणी होते आहे. विजेचं मीटर नावावर करा, घरपट्टीची प्रत्येक पावती जपा. आणि या सगळ्याची एकेक झेरॉक्स घराबाहेर, भरवशाच्या माणसाकडे ठेवा.

परवा ताईंनी वास्तुशांत केली. जेवणं झाल्यावर आजींनी खरेदीखत मागून घेतलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून ताईंच्या लेकीने मोठ्याने वाचलं. चतुःसीमा आली, उत्तरेला काय, दक्षिणेला काय. मग ताईंचं नाव आलं. आजी म्हणाल्या, "पुन्यांदा वाच."

मैत्रिणींनो, आज दिवेलागणीला आपल्या घराचा कागद काढा आणि नाव कुणाचं आहे ते वाचा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू.