आधुनिक अमेरिकन पुराणमतवाद : धार्मिक नीतिमत्ता आणि मर्यादित शासन यांतील अंतर्विरोध

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आकाराला आलेल्या पुराणमतवादी विचारप्रवाहाने दोन तत्त्वांचा एकाच वेळी पुरस्कार केला. शासनाची सत्ता मर्यादित असावी, हे पहिले आणि समाजजीवन धर्माधिष्ठित नीतिमत्तेवर उभे असावे, हे दुसरे. ही तत्त्वे परस्परपूरक आहेत, असे या प्रवाहाचे बहुसंख्य समर्थक मानत आले. तथापि व्यक्तीने धर्मनीतीला अमान्य असलेला मार्ग निवडला, तर शासनाने हस्तक्षेप करावा की अलिप्त राहावे, हा प्रश्न उपस्थित होताच त्यांतील अंतर्विरोध उघड होतो. काही निवडक घटनांच्या आधारे त्याचे स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वैचारिक समन्वयाचा प्रयत्न

रसेल कर्क यांचा ‘द कन्झर्व्हेटिव्ह माइंड’ हा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. एडमंड बर्क यांच्या परंपरेशी नाते सांगणाऱ्या कर्क यांनी समाजव्यवस्थेचा पाया धर्मश्रद्धा व परंपरा यांत शोधला. दुसरा गट व्यक्तीच्या आणि बाजारपेठेच्या स्वातंत्र्याला अग्रक्रम देणारा होता. या गटाचे प्रेरणास्थान असलेल्या फ्रीडरिख हायेक यांनी तर आपण पुराणमतवादी का नाही, हे १९६० मध्ये ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी’ या ग्रंथाच्या अखेरीस सविस्तर मांडले.

विल्यम बकली यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने दोन्ही गटांना एका व्यासपीठावर आणले. साम्यवादाचा विरोध हा त्यांना जोडणारा दुवा होता. फ्रँक मेयर यांनी १९६२ मध्ये ‘इन डिफेन्स ऑफ फ्रीडम’ या ग्रंथात या ऐक्याला तात्त्विक अधिष्ठान देण्याचा प्रयत्न केला. सक्तीने घडवलेले सदाचरण हा सद्गुण ठरत नाही. म्हणून सद्गुणाची चाड असणाऱ्याने स्वातंत्र्याचेच रक्षण केले पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. त्याच वर्षी ब्रेंट बोझेल यांनी त्याला आक्षेप घेतला. राजकीय व्यवस्थेचे प्रयोजन मनुष्याला सद्गुणाकडे नेणे हे असेल, तर स्वातंत्र्य हे साधन ठरते, साध्य नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पुढील सर्व संघर्षाची बीजे या वादात दिसतात.

चळवळीचे राजकारण

ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६४ ची अध्यक्षीय निवडणूक मर्यादित शासनाच्या तत्त्वावर लढवली आणि ते मोठ्या फरकाने पराभूत झाले. त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याला त्यांनी संघशासनाच्या अधिकारमर्यादेचे कारण देऊन विरोध केला होता. मर्यादित शासनाचे तत्त्व समाजातील प्रस्थापित विषमतेला कसे उपयोगी पडू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

धार्मिक गटांचे राजकीय संघटन प्रामुख्याने १९७० च्या दशकात झाले. शाळांतील शासनपुरस्कृत प्रार्थना अवैध ठरवणारा १९६२ चा आणि गर्भपाताच्या अधिकाराला मान्यता देणारा १९७३ चा, असे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय त्यांच्या रोषाचा विषय होते. तथापि वंशभेद पाळणाऱ्या खाजगी शाळांची करसवलत काढून घेण्याचे शासकीय धोरणही या संघटनाला कारणीभूत झाले, हे इतिहासकार रँडल बामर यांनी दाखवून दिले आहे. म्हणजे धार्मिक गटांच्या राजकारण-प्रवेशामागे ‘शासनाने आमच्या संस्थांत ढवळाढवळ करू नये’ ही मागणीही होती. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना स्थापन केली, तेव्हा मात्र समाजाच्या नीतिमत्तेसाठी शासनाने पुढाकार घ्यावा, ही अपेक्षा तिच्या केंद्रस्थानी आली.

रोनाल्ड रेगन यांनी या दोन्ही प्रवाहांची मोट बांधली. शासन हीच समस्या असल्याचे प्रतिपादन करणाऱ्या रेगन यांनी १९८२ मध्ये शालेय प्रार्थनेसाठी घटनादुरुस्ती सुचवली. १९८४ मध्ये सिनेटमध्ये तिला ५६ विरुद्ध ४४ मते मिळाली. आवश्यक दोनतृतीयांश बहुमत मिळाले नाही. याउलट गोल्डवॉटर यांनी १९८१ मध्येच धार्मिक गटांच्या राजकीय दबावाचा सिनेटमध्ये जाहीर निषेध केला होता.

संघराज्याच्या तत्त्वाची कसोटी

मार्च २००५ मध्ये फ्लोरिडातील एका दीर्घकाळ अचेतन असलेल्या महिलेची कृत्रिम अन्नपुरवठ्याची नळी राज्यातील न्यायालयाच्या अनुमतीने काढण्यात आली. त्यानंतर काँग्रेसने केवळ या एका प्रकरणासाठी कायदा करून ते संघीय न्यायालयांकडे नेले. राज्यांच्या अधिकारांचा कैवार घेणाऱ्या रिपब्लिकन नेतृत्वाचाच यात पुढाकार होता. अपील न्यायालयातील स्टॅन्ली बर्च या न्यायाधीशांनी हा कायदा घटनाबाह्य असल्याचे मत नोंदवले. त्यांची नियुक्ती थोरल्या बुश यांच्या कारकिर्दीत झाली होती, ही बाब लक्षणीय आहे.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा निर्णय रद्द करून गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे सोपवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संपूर्ण देशासाठी पंधरा आठवड्यांची मर्यादा घालणारे विधेयक सिनेटमध्ये मांडले गेले. दरम्यान ऑगस्टमध्ये कॅन्सस या रिपब्लिकन प्राबल्याच्या राज्यात, राज्यघटनेतील गर्भपाताचे संरक्षण काढून टाकणारी दुरुस्ती सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळली. दुरुस्तीच्या विरोधकांनी प्रचारात वापरलेली भाषा शासकीय सक्तीला विरोध करणारी, म्हणजेच मर्यादित शासनाची होती.

समारोप

या इतिहासाला केवळ दांभिकता म्हणणे अपुरे ठरेल. गर्भपाताच्या विरोधकांच्या मते गर्भ ही व्यक्तीच आहे आणि जीविताचे रक्षण हे अत्यंत मर्यादित शासनाचेही आद्य कर्तव्य आहे. त्यामुळे वाद शासन किती असावे एवढाच नसून, कोणाला व्यक्ती मानावे आणि कशाला इजा म्हणावे, हा आहे. या प्रश्नांचे उत्तर मर्यादित शासनाचे तत्त्व स्वतःहून देऊ शकत नाही. ते बाहेरून, बहुधा धर्मश्रद्धेतून, घेतले जाते. मेयर यांच्या समन्वयाची मर्यादा येथेच आहे. नीतीच्या व्याख्येवर समाजाचे एकमत आहे, असे त्यात गृहीत होते. ते एकमत ओसरल्यावर प्रत्येक पक्षाने आपल्याला नको असलेल्या हस्तक्षेपापुरतेच मर्यादित शासनाचे तत्त्व जवळ केले. एखाद्या तत्त्वाची कसोटी मात्र आपल्याला अप्रिय असलेल्या आचरणालाही ते संरक्षण देते की नाही, यावरच ठरते.