हाक कोणास मारावी? : संगणकीय भाषांतील एका वादाचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी अंकात मंडळाच्या जुन्या आठवणींच्या शेजारी संगणकाच्या भाषांवरील लेख पाहून काही ज्येष्ठ वाचकांस नवल वाटेल. परंतु कोलकात्यातील आम्हां मराठी कुटुंबांची नवी पिढी आज सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमधील कचेऱ्यांतून संगणकासाठी आज्ञावली लिहीत असते. ‘स्टॅटिक’ आणि ‘इन्स्टन्स’ हे शब्द तिच्या रोजच्या बोलण्यात येतात. घरातील वडीलधाऱ्यांना ते परके वाटू नयेत, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

या इतिहासाचे एक पान आपल्याच शहरात लिहिले गेले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, बरानगर येथे, इंग्लंडहून आणलेला ‘एचईसी–२एम’ हा भारतातील पहिला अंकीय संगणक १९५६ साली कामास लागला. पुढे सोव्हिएत रशियाचा ‘उरल’ आला आणि १९६६ साली जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने ‘इसिजू–१’ हे यंत्र येथेच सिद्ध झाले. त्या आरंभीच्या यंत्रांवर प्रत्येक आज्ञा आकड्यांत लिहावी लागे. एखादे उपकार्य करून घ्यावयाचे, तर ते स्मृतिकोशात ज्या पत्त्यावर ठेवले असेल तो पत्ताच द्यावा लागे. यंत्र नेमके तेथेच जाई. हाक कोणापर्यंत पोहोचणार, हे लिहितानाच ठरलेले असे. ‘स्टॅटिक’ पद्धतीचे बीज येथे आहे.

दुसरी पद्धत नॉर्वेत जन्मली. ओस्लो येथील ओले-योहान डाल व क्रिस्टेन निगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा रचली. व्यवहाराची हुबेहूब प्रतिकृती यंत्रात उभी करावी, म्हणून त्यांनी ‘वर्ग’ आणि त्या वर्गातील ‘वस्तू’ यांची कल्पना मांडली. आपल्या मंडळाचेच उदाहरण घेऊ. ‘सभासद’ हा वर्ग आणि प्रत्येक कुटुंब ही त्यातील एक वस्तू. ‘तुमची वर्गणी किती बाकी?’ हा प्रश्न विशिष्ट कुटुंबास विचारला तरच त्याला अर्थ आहे. आजीव सभासद एक उत्तर देईल, साधारण सभासद दुसरे. विचारणाऱ्याने ते कोणत्या प्रकारचे सभासद आहेत हे आधी जाणण्याची गरज नाही; उत्तराची रीत ऐन वेळी, समोर कोण आहे यावरून ठरते. ही ‘इन्स्टन्स’ पद्धत होय. उलट, ‘एकूण सभासद किती?’ हा प्रश्न कोणा एका घराचा नव्हे, तो नोंदवहीस विचारावयाचा. ही ‘स्टॅटिक’ पद्धत.

मग नोंदवहीचे स्थान कोणते? येथे मतभेद झाले. अॅलन के व त्यांचे सहकारी यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रचलेल्या ‘स्मॉलटॉक’ भाषेत वर्ग हाही एक वस्तूच मानला गेला. त्यामुळे नोंदवहीही एखाद्या व्यक्तीप्रमाणे हाकेला ओ देते, आणि तिचे वंशज वेगळे उत्तर देऊ शकतात. बिआर्न स्ट्राउस्ट्रप यांनी बेल प्रयोगशाळेत १९७९ पासून घडविलेल्या ‘सी प्लस प्लस’ने वेगास प्राधान्य दिले. तीत आरंभी स्टॅटिक पद्धतीची सोय नव्हती. म्हणून काही जण अस्तित्वातच नसलेल्या वस्तूला हाक मारून काम साधून घेत. हा धोका ओळखून १९८९ च्या आवृत्तीत ती सोय अधिकृतपणे दिली गेली.

१९९५ साली आलेल्या ‘जावा’ने स्टॅटिक पद्धत कायम ठेवली, पण एक फट राहू दिली. स्टॅटिक पद्धतीला वस्तूच्या नावानेही हाक मारता येते. परिणामी ‘अमुक कामगारा, झोप’ असे लिहिले, तर तो कामगार जागाच राहतो आणि झोप लागते ती आज्ञा देणाऱ्यालाच! ‘सी शार्प’ भाषेने असे लिहिणे हीच चूक ठरविली. ‘स्काला’ व ‘कोट्लिन’ या भाषांनी तर ‘स्टॅटिक’ हा शब्दच वगळून त्या जागी एकमेव वस्तू बसविली.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. पेढीतील व्याजाचा हिशेब स्टॅटिक पद्धतीने शेकडो ठिकाणी बांधून टाकला, तर उद्या निराळ्या खात्यासाठी निराळी रीत योजताना ती सर्व ठिकाणे उकलावी लागतात. चाचणीसाठी तात्पुरता बदली हिशेबनीस बसविणेही अवघड होते. याउलट, दोन संख्यांतील मोठी कोणती एवढेच सांगावयाचे असता त्यासाठी वस्तू निर्माण करणे हा व्यर्थ खटाटोप ठरतो. उत्तर कोणाच्याही स्थितीवर अवलंबून नसेल आणि पुढे बदलण्याचा संभव नसेल, तेथे स्टॅटिक पद्धत शोभते. अन्यत्र ज्याचा प्रश्न त्यालाच विचारावा, असे आम्हांस वाटते.

आमच्या तरुण मंडळींनी सवड काढून एकदा बरानगरला जावे, आणि येत्या गणेशोत्सवात वडीलधाऱ्यांनी त्यांच्याकडून या विद्येची आणखी माहिती करून घ्यावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.