आंब्रोली चर्च
मुंबईच्या गिरगाव भागातील एक जुने प्रेसबिटेरियन चर्च व तेथील एतद्देशीय ख्रिस्ती मंडळी. ‘प्रेसबिटर’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वडील’ असा आहे. या पंथात बिशपचा अधिकार मानीत नाहीत. मंडळीने निवडलेले वडील व पाळक मिळून कारभार पाहतात. सोळाव्या शतकात जॉन नॉक्सच्या प्रेरणेने ही पद्धती स्कॉटलंडमध्ये रुजली व तेथील मिशनऱ्यांबरोबर महाराष्ट्रात आली.

स्कॉटिश मिशनचे पश्चिम भारतातील कार्य १८२३ मध्ये बाणकोट परिसरात सुरू झाले. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन (१८०४–७५) यांनी कोकणात मराठीचा अभ्यास करून मुंबई हे कार्यक्षेत्र निवडले आणि फेब्रुवारी १८३१ मध्ये प्रेसबिटेरियन तत्त्वांवर एक लहानशी एतद्देशीय मंडळी स्थापन केली. त्याच वर्षी मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वादविवाद झाला. त्यांच्या पत्नी मार्गारेट (मृ. १८३५) यांनी मुलींसाठी मराठी शाळा काढल्या. १८३२ मध्ये आंब्रोली येथे निघालेल्या इंग्रजी शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय विकसित झाले.

या मंडळीची सभासदसंख्या अल्प होती. तथापि तिच्यामुळे उद्‌भवलेल्या प्रश्नांनी सारे शहर ढवळून निघाले. मे १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा ताबा मिळविण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. परंतु न्यायालयाने धनजीभाईंना स्वेच्छेने वागण्याची मोकळीक दिली. परिणामी बहुसंख्य पारशी मुले शाळेतून काढून घेण्यात आली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता; तो अज्ञान असल्याने न्यायालयाने त्याला पित्याच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे, असा आग्रह बाळशास्त्री जांभेकरांनी धरला. सनातनी मंडळींनी त्यास कडवा विरोध केला. अशा रीतीने व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी, पित्याचा हक्क आणि जातीचा अधिकार यांच्या मर्यादा कोणत्या, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथमच इतक्या उघडपणे चर्चिला गेला. धर्मांतरितांना त्याची किंमत घरादाराच्या व आप्तांच्या कायमच्या वियोगाने द्यावी लागली. त्यामुळे मंडळी हेच त्यांचे कुटुंब बनले. ब्राह्मण, पारशी व इतर समाजांतील माणसे तेथे एकाच पंक्तीस बसू लागली.

१८४३ मध्येच चर्चच्या कारभारातील शासकीय हस्तक्षेपाच्या प्रश्नावर स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन, रॉबर्ट नेस्बिट व मरे मिचेल हे फ्री चर्चला मिळाले. त्यामुळे संस्थेच्या नव्या इमारतीवर त्यांना पाणी सोडावे लागले. मंडळीचे नेतृत्व मात्र हळूहळू एतद्देशीयांकडे येऊ लागले. धनजीभाईंना १८४६ मध्ये एडिंबरो येथे, तर नारायण शेषाद्रींना १८५४ मध्ये पाळकाची दीक्षा मिळाली. शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. तीत मुख्यतः मांग व महार समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांना आश्रय मिळाला.

फ्री चर्च १९०० मध्ये युनायटेड प्रेसबिटेरियन चर्चशी आणि ते संयुक्त चर्च १९२९ मध्ये स्कॉटलंडच्या मूळ चर्चशी एकरूप झाले. भारतात १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या मीलनातून उत्तर भारताचे संयुक्त चर्च स्थापन झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले व त्यात ते विलीन झाले. या चर्चने बिशपपद स्वीकारले. त्याचबरोबर स्थानिक मंडळीच्या कारभारात निवडलेल्या सभासदांचे स्थानही राखले. आंब्रोलीची मंडळी याच व्यवस्थेत समाविष्ट झाली. ज्या पंथाने तिला जन्म दिला त्याचे स्वतंत्र नाव येथे उरले नाही. तथापि जन्माने भिन्न असलेल्या माणसांनी आपला कारभार आपणच एकत्र बसून चालवावा, ही त्या पंथाची शिकवण महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या घडणीत महत्त्वाची ठरली.